अर्ध्या टक्क्यापुरतं जर्मन

जर्मनीत सामान पट्ट्यावर ठेवेपर्यंत गिऱ्हाईक सुखी असतं. कुणी ‘काय पाहिजे?’ म्हणून अंगावर येत नाही, भाव पाटीवर लिहिलेले असतात, आणि आपल्या व पुढच्याच्या सामानामध्ये ठेवायला एक तिकोनी दांडीही असते, म्हणजे त्याचे बटाटे आपल्या नावावर लागत नाहीत. खरी परीक्षा गल्ल्यावर सुरू होते. तिथल्या बाई खुर्चीत बसलेल्या असतात आणि बसल्या जागेवरून दूध, अंडी, ब्रेड अशा वेगाने पलीकडे ढकलतात की आपण पिशवीचं तोंड उघडेपर्यंत तिकडे ढीग लागलेला असतो. पिशवी भरून देणारा पोऱ्या इथे नसतो. एका हाताने दह्याचा डबा आवरायचा, दुसऱ्याने पाकीट काढायचं, आणि नेमक्या त्या क्षणी बाई मान वर न करता काहीतरी विचारतात.

आमच्या स्टुटगार्टच्या संसारात घर मिळालं, व्हिसा मिळाला, हिवाळाही निभावला. हे ‘काहीतरी’ मात्र बरीच वर्षं निभावलं नाही.

जर्मन मला येत नव्हतं असं नाही. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात रीतसर शिकलो होतो. परीक्षेत ‘झेअर गुट’ असा शेरा होता आणि तो आईने जिन्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला ऐकवला होता. पण पुस्तकातला दुकानदार फार भला माणूस होता. तो ‘गुटन टाग’ म्हणायचा, मग थांबायचा. आपण एक किलो टोमॅटो मागितले की ‘आनंदाने’ म्हणायचा, पुन्हा थांबायचा. त्याच्या दुकानात आपल्यामागे रांग कधीच नसायची. त्याने आम्हा कुणालाही कधी कार्ड विचारलं नाही.

इथे पहिल्याच दिवशी विचारलं. पुस्तकी जर्मनमध्ये ते ‘हाबेन झी आइने कार्टे?’ असं असायला हवं होतं. पण स्टुटगार्ट हा श्वाबेन लोकांचा मुलूख, आणि इथे प्रत्येक वस्तूला लाडाने ‘ले’ लावतात. बाई म्हणाल्या, “हेन्द से अ केर्टले?”

‘केर्टले’ हा शब्द पुस्तकात कुठल्याच धड्याखाली नव्हता. मला वाटलं, केळ्यांचं वजन करायचं राहिलं. मी केळी उचलली आणि वजनकाट्याकडे धावलो. परत आलो तेव्हा मागच्या रांगेतल्या कुणी चकार शब्द काढला नाही. जर्मन रांग बोलत नाही, फक्त श्वास सोडते. सात-आठ माणसांनी एकदम सोडलेला श्वास मानेवर आला की स्वेटर घालूनही थंडी वाजते.

त्यानंतर मी एक धोरण ठरवलं. काहीही विचारलं तरी ‘नाइन, डांके’ म्हणायचं. नको, आभारी आहे. एवढ्या भांडवलावर माणूस जर्मनीत बराच काळ तग धरतो. कार्ड? नको. पॉइंट? नको. पावती? नको. पावती नको म्हटलं तरी ती निघतेच. 2020 पासून गल्ल्यावरच्या प्रत्येक विक्रीची पावती द्यायचा कायदा आहे, त्यामुळे बेकरीत एक ब्रेत्सेल घेतला तरी बरोबर कागदाची शेपटी येते. एका संध्याकाळी मात्र बाईंनी माझ्या खांद्यावरच्या झोळीकडे बोट दाखवून, जरा आत पाहू का, असं विचारलं. मी प्रसन्न हसून म्हणालो, “नाइन, डांके.”

बाईंचा हात थांबला. पट्टा थांबला. कुठूनसे एक उंच गृहस्थ येऊन शेजारी उभे राहिले. झोळीतून निघालं काय, तर छत्री आणि ऑफिसातून परत आणलेला डबा. डबा उघडून दाखवावा लागला. आत सकाळची मेथीची भाजी होती. गृहस्थांनी स्वतःच झाकण लावून दिलं.

मग धोरण उलटं फिरवून सगळ्यालाच ‘या’, म्हणजे हो, म्हणायला लागलो. त्यात दर खरेदीमागे काही सेंट धर्मादाय खात्यात जाऊ लागले, कारण रक्कम वरच्या आकड्यापर्यंत पूर्ण करायची का, असं विचारत होते म्हणे. पुण्य लागलं असेल, तक्रार नाही. पण फर्निचरच्या दुकानात प्रसंग आला. तिथे बाईंनी पिनकोड विचारला.

“या,” मी म्हणालो.

“पिनकोड?”

“या, बिट्टे.”

त्यांनी काहीतरी टाइप केलं. त्या दुकानाच्या दप्तरी मी कुठल्या गावचा रहिवासी आहे, देव जाणे.

शेवटी बायको म्हणाली, “अरे, एवढा जीव काढण्यापेक्षा ते कार्ड घेऊन टाक ना एकदाचं.” तेव्हा निळं कार्ड घरात आलं. निळं म्हणजे पेबॅकचं. 2000 साली निघालेली ही योजना जर्मनीत इतकी रुजली आहे की पाकिटात हे कार्ड नसलेला माणूस दाखवा आणि पॉइंट मिळवा. हिशोब साधारण असा: किराणा नाहीतर साबण-शांपू घेतला की दोन युरोंमागे एक पॉइंट, पॉइंटची किंमत एक सेंट, आणि दोनशे जमल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. म्हणजे चारशे युरोंचं सामान घरी वाहून आणावं, तेव्हा दोन युरो पदरात पडतात. दोन युरोंत एक बटर-ब्रेत्सेल येतो. बेकरी स्टेशनाबाहेर असेल तर तोही कदाचित येत नाही.

या ब्रेत्सेलसाठी जर्मन माणूस काय काय सांगून टाकतो, ते पाहण्यासारखं आहे. हा देश खासगीपणाच्या बाबतीत अतिशय हळवा. 2010 साली गूगल रस्त्यांचे फोटो नेटवर टाकायला निघालं, तेव्हा सुमारे 2 लाख 44 हजार कुटुंबांनी अर्ज करून आपापली घरं नकाशावर धूसर करून घेतली. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजीबाई दारावरच्या पाटीवर पूर्ण नाव लिहीत नाहीत, डॉक्टरांकडे फोनवर आडनाव सांगताना आवाज खाली आणतात. त्याच आजीबाई अर्ध्या टक्क्यासाठी आपला जन्मदिनांक, पत्ता, केसांचा रंग कुठल्या पाकिटातून येतो आणि पोट साफ व्हायला काय घेतात, हे सगळं दर शनिवारी हसतमुखाने स्कॅन करून देतात.

सवलतीची ही भूक जुनी आहे आणि तिला कारणही आहे. 1933 साली जर्मनीत कायदा झाला, की रोखीने घेणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदाराने तीन टक्क्यांपेक्षा जास्त सूट द्यायची नाही. हा कायदा सरकारं बदलली, देश दुभंगला, पुन्हा सांधला, तरी टिकून होता. गेला थेट 2001 च्या जुलैत. तुळशीबागेत असा कायदा लागला असता तर दुपारी चारपर्यंत एकही दुकानदार बाहेर उरला नसता. इथले लोक मात्र तीन टक्क्यांतच रमले. खरेदीबरोबर छोटी तिकिटं मिळायची, ती पुस्तिकेत चिकटवायची, पन्नास मार्कांची पुस्तिका भरली की दीड मार्क परत. “तिकिटं चाटायचं काम आम्हा मुलांकडे असे,” आजीबाई सांगत होत्या. “गोंदाची चव अजून आठवते.” कायदा उठल्यावर दुकानांना वाटेल तेवढी सूट द्यायला मोकळीक मिळाली. तीन टक्क्यांचं कुंपण निघालं, आणि आम्ही अजून अर्ध्या टक्क्यावर उड्या मारतो आहोत.

कार्ड आल्यावर मला वाटलं, आता फक्त दाखवायचं. पण कार्डवाल्यांची एक वेगळी भाषा असते, ती शिकणं आलं. मी चिठ्ठीवर वाक्यं उतरवली आणि आंघोळ करताना घोकली. याच्यावर पॉइंट मिळतात का, तर ‘गिप्ट एस डाफ्यूर पुंक्टे?’ माझे पॉइंट वापरू शकतो का, तर ‘कान इश डी पुंक्टे आइनल्योझन?’ हे ‘ल्यो’ ओठांचा चंबू केल्याशिवाय निघत नाही, म्हणून आरशासमोर सराव केला. पॉइंट बाद कधी होतात, तर ‘वान फरफालन डी पुंक्टे?’ हे मुलीला इतकं आवडलं की ती झोपताना म्हणू लागली.

प्रश्न विचारता येणं ही गोष्ट परदेशात फार धोक्याची. प्रश्न बिनचूक विचारला की समोरच्याला वाटतं, याला उत्तरही कळेल. मी औषध-साबणाच्या दुकानात छाती काढून म्हणालो, “कान इश डी पुंक्टे आइनल्योझन?” बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. त्यांना आनंद झालेला दिसला. मग त्या बोलू लागल्या. त्यात यंत्र हा शब्द आला, पासवर्डसारखं काहीतरी आलं, दाराकडे हात झाला, एक तारीख आली, आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह आलं. क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवायची या भाषेला खोड आहे. ते येईपर्यंत माझा धीर सुटला होता.

“या,” मी म्हणालो.

पॉइंट गेले ते एका बालहक्क संस्थेला. दोन युरो. पुन्हा पुण्य.

त्यानंतर आजीबाईंनी मला शिष्य केलं. श्वाबेन लोक काटकसरीसाठी अख्ख्या जर्मनीत प्रसिद्ध, आणि त्यांतल्या त्यात आजीबाईंची गादी मोठी. त्यांच्या स्वयंपाकघरात कूपनं पाकिटात घालून, मुदतीप्रमाणे लावलेली असतात. “नुसते पॉइंट घेणारे ते मूर्ख,” त्या म्हणाल्या. “पाचपट, दहापट, पंधरापट, असं बघायचं.” मी बघायला लागलो. मग आधी कूपन बघायचं आणि नंतर काय हवंय ते ठरवायचं, अशी सवय लागली. एकदा पिशवी रिकामी करताना बायकोने एक डबा उचलून उजेडात धरला.

“हे काय आहे?”

“पंधरापट पॉइंट होते.”

“आपल्याकडे मांजर नाहीये.”

“घेऊ की,” मी म्हणालो. त्या क्षणी ते मला खरोखर रास्त वाटलं होतं.

एवढी निष्ठा आमच्या अंगी बाणली, तोवर कार्डानेच घर बदललं. 2024 संपता संपता रेवे या मोठ्या दुकानसाखळीने निळ्या कार्डाशी काडीमोड घेऊन आपल्या ॲपवर स्वतःची योजना काढली, आणि 2025 च्या जानेवारीत त्याच कार्डाने एडेका या दुसऱ्या साखळीच्या उंबऱ्यावरचं माप ओलांडलं. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला याचा धक्का बसायला नको. रात्री एका घरात जेवलेला सकाळी दुसऱ्या घरात शपथ घेतो, हे आपण पाहिलेलं आहे. पण आजीबाईंना ते फार लागलं. त्या बरेच दिवस सवयीने चुकीच्या दुकानात कार्ड पुढे करत आणि ‘आता इथे नाही’ हे ऐकून घरी येत. “सत्तरी उलटल्यावर नवीन दुकान?” त्या म्हणायच्या. पंधरापटीचं कूपन आल्यावर दुखवटा संपला.

याच सुमारास आई पुण्याहून आली. तिला पेबॅक म्हटल्यावर ती म्हणाली, “आहे की माझ्याकडे!” आणि पर्सच्या आतल्या कप्प्यातून खरोखरच एक कार्ड काढलं. 2011 पासून काही वर्षं हीच योजना भारतातही चालत होती. आईचं कार्ड बिग बझारच्या काळातलं होतं. तो बझार उठला, योजनेचे मालक बदलले, नाव बदललं, पण आई कार्ड टाकत नाही. “त्यावर पॉइंट शिल्लक आहेत,” ती म्हणाली. मी नको नको म्हणत असताना तिने ते गल्ल्यावर ठेवलं. बाईंनी स्कॅन केलं. यंत्र गप्प. पालथं करून केलं. गप्प. बाहीला पुसून केलं. मग बाईंनी शेजारच्या गल्ल्यावरच्या बाईंना हाक मारली, त्यांनी चष्मा लावून कार्ड वाचलं, आणि दोघींनी आईकडे अशा आदराने पाहिलं की तिला वाटलं, काम झालं.

“बघ, त्यांना माहितीये,” ती मला म्हणाली. मागच्या रांगेने श्वास सोडला.

आईचा खरा पराक्रम स्टिकरांचा. इथे अधूनमधून सुपरमार्केटात चाकू, टॉवेल, नाहीतर तवे यांची मोहीम निघते. पाच युरोंमागे एक छोटा स्टिकर. एक पुस्तिका देतात, तिच्यात चौकोन आखलेले असतात. पुस्तिका भरली की तवा. या वेळी तवा होता लाल दांड्याचा, जाड बुडाचा, आणि आईने तो पाहताक्षणी ‘यावर थालीपीठ काय होईल!’ असा निकाल दिला. तवा फुकट नाही, पुस्तिका भरून वर वीस युरो द्यायचे आहेत, हे मी तिला सांगून पाहिलं.

“म्हणजे विकतच घ्यायचा?” बायको म्हणाली.

“पण बाकीच्यांना सत्तरला आहे,” आई म्हणाली. हिशोब संपला.

आमच्या खरेदीत पुस्तिका मुदतीत भरणं शक्य नव्हतं. पण गल्ल्यावर ‘स्टिकर हवेत का?’ विचारल्यावर निम्मे लोक नको म्हणतात, हे आईच्या दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं. तिने माझ्याकडून एकच वाक्य घटवून घेतलं: ‘ब्राउखन झी डी पुंक्टे?’ तुम्हाला हवेत का हो पॉइंट, म्हणजे हे स्टिकर? मग ती नऊवारी नाही, पण चांगली इरकली नेसून, वर माझं जॅकेट चढवून, गल्ल्यापलीकडे पिशव्या भरायच्या फळीपाशी उभी राहू लागली. उच्चार कोथरूडचा, पण आवाजात अशी काही जरब, की सूटबूटवाले खिशात गेलेले स्टिकर बाहेर काढून देत. एका तरुणाने तर आधीच चिकटवलेले सोलून दिले.

तिसऱ्या दिवशी समोरच्या बाजूला चाकांची थैली घेऊन एक श्वाबियन म्हातारी उभी राहिली. तिच्या हातातही पुस्तिका. पहिला तास दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. दुसऱ्या तासात एकाच गिऱ्हाइकाकडे दोघी एकदम वळल्या आणि तो बिचारा स्टिकर फळीवर ठेवून पळाला. मी न्यायला गेलो तेव्हा तह झालेला होता. एकीला जर्मन सोडून काही येत नव्हतं, दुसरीला मराठी सोडून. डावीकडचे दोन गल्ले आईचे, उजवीकडचे दोन तिचे, आणि मधला आळीपाळीने. शिवाय आईने तिला शेंगदाण्याची चिक्की दिली होती आणि तिने आईला दुखऱ्या गुडघ्याचं मलम दाखवलं होतं.

पुस्तिका मुदतीच्या दोन दिवस आधी भरली. आईने प्रत्येक स्टिकर चौकोनाच्या रेघेला रेघ लावून चिकटवला होता. आजीबाईंनी पुस्तिका पाहून मान डोलावली. आम्ही तवा आणायला गेलो.

“लायडर आउसफरकाउफ्ट,” बाई म्हणाल्या. संपले. सगळे संपले. फक्त झाकणं उरली होती. झाकणालाही पुस्तिका तीच, वर नऊ युरो.

मी आईचा हात धरून निघायला लागलो. आई हलली नाही.

“मोठं आहे का झाकण?” तिने विचारलं. “आपल्या कढईवर बसेल.”

बसलं नाही. ते आता कुंडीखाली आहे.

शनिवारी तिला गावातल्या मार्क्टप्लात्सवरच्या आठवडी बाजारात घेऊन गेलो, म्हटलं जरा मन रमेल. तिने गाजरं घेतली, फ्लॉवर घेतला, पैसे दिले, आणि पिशवीचं तोंड तसंच उघडं धरून उभी राहिली. भाजीवालीने माझ्याकडे पाहिलं. आईला म्हटलं, आता काय? “कोथिंबीर घालेल ना वर,” आई म्हणाली. अशा मागणीचं वाक्य माझ्या चिठ्ठीवर नव्हतं. मी काहीतरी पुटपुटेपर्यंत भाजीवालीने हसून मूठभर पार्सली गाजरांवर टाकली आणि मुलीच्या हातात एक मुळा दिला. ना कार्ड, ना तारीख, ना पासवर्ड. मला वाटलं, आई आता तरी गल्ल्यांचा नाद सोडेल. घरी येताना ती म्हणाली, “पुढची मोहीम कशाची आहे, विचारून ठेव.”

आई परत जायच्या आदल्या दिवशी मुलीने दिवाणखान्यात दुकान मांडलं. तिच्याकडे खेळातला गल्ला आहे, बटण दाबलं की ‘पीप’ वाजतो. आजीने मोजे, दोन चमचे आणि ते झाकण विकत घेतलं.

“हाबेन झी आइने कार्टे?” दुकानदारीणबाई मान वर न करता म्हणाल्या.

आईने पर्सचा आतला कप्पा उघडून बिग बझारचं कार्ड ठेवलं. ‘पीप.’ पहिल्याच फटक्यात वाजलं.

“किती झाले गं पॉइंट?”

“सात लाख.”

आईने कार्ड परत घेतलं, कप्प्यात ठेवलं, चेन ओढली. मग जरा विचार करून गल्ल्यावर वाकली आणि कुठल्याही परीक्षेत ‘झेअर गुट’ मिळेल अशा जर्मनमध्ये विचारलं, “वान फरफालन डी पुंक्टे?”